चांगलं काय बघू द्यावं? आधी ते संपतं का ते बघ

पत्र आधी थोडक्यात सांगते. गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजूची एक आई आहे, नाव नको म्हणाली.

"ताई, मला दोन मुलं. मुलगा तिसरीत, मुलगी सातवीत. मी पणजीला नोकरी करते, कदंबाच्या बसनं घरी पोचेपर्यंत साडेसहा-सात होतात. मुलं दीडला शाळेतनं येतात ती सासूबाईंजवळ असतात. मुलगा दुपारभर मोबाईल घेऊन बसतो, पण गेम वगैरे नाही, सगळं एज्युकेशनलच बघतो, डायनासोर, ग्रह, जगातला सगळ्यात मोठा अमुक नि तमुक. नवरा म्हणतो शिकतोय ना, बघूदे. पण फोन काढून घेतला की घर डोक्यावर घेतो, मागच्या आठवड्यात तर आजीला ढकललं. मुलगी पाचवीपासून इंग्लिश मीडियमला गेली, म्हणते इंग्लिश सुधारायला बघते, पण मी खोलीत गेले की स्क्रीन बदलते. एक लर्निंग ॲप पैसे भरून घेतलंय ते कुणी उघडत नाही. कृपा करून चांगल्या चॅनल्सची आणि ॲप्सची यादी द्या, आणि किती वेळ द्यायचा ते सांगा."

अगं, वयानं मी नक्की मोठी असणार, एकतीस वर्षं मराठी प्रायमरीत पोरांना शिकवून घरी बसलेय, तेव्हा सरळ तू म्हणते, राग मानू नको.

यादी देणार, पण एकदम नाही, मधेमधे येईल तशी. नुसती यादी दिली तर काय होतं ते मला माहितेय, तू रविवारी बसून आठ ॲप्स डाउनलोड करणार, पोरगा त्यातली दोन उघडून बघणार आणि सोमवारी परत डायनासोर.

आधी त्या ढकलण्याचं बोलूया कारण पत्रातली खरी गोष्ट तीच आहे, बाकी सगळं तू तिच्याभोवती लिहिलंयस. आजीला ढकललं हे वाईटच, त्याला तसं स्पष्ट सांगायचं, आजीची माफी मागायला लावायची, त्यात दुमत नाही. पण पोरगं बिघडलं असं लगेच मनात घेऊ नको. मला एक सांग, फोन काढून घेतला तेव्हा तो कशाच्या तरी मध्ये होता की नाही? असणारच गं, कारण तो जे बघतो त्याला शेवटच नाही, एक व्हिडिओ संपायच्या आत दुसऱ्याचं चित्र खाली येऊन बसतं, टी-रेक्सनंतर मोसासॉरस, मोसासॉरसनंतर मेगालोडॉन, आणि आपण कधीही हात घातला तरी मधेच घालतो. ताटावर बसलेल्या माणसाचं ताट ओढलं तर तोही ओरडेल ना.

आमच्या लहानपणी देवळात काल्याला नाटक असायचं, तुमच्याकडे अजून होत असेल. रात्री दहा-अकराला पडदा वर जायचा आणि पहाट व्हायची, आम्ही पोरं चटईवर पुढच्या रांगेत, डुलक्या काढत, चिमटे घेत, पण डोळे स्टेजवर. आजच्या हिशेबानं केवढा मोठा स्क्रीन टाइम! पण पडदा पडायचा. पडला की चटई गुंडाळायची, डोळे चोळत घरी, कुणी रडलंय बिडलंय असं मला आठवत नाही. आणि नंतर आठवडाभर घरामागच्या आमच्या मांगरात तेच नाटक चालायचं, माडाच्या चुडताच्या दांड्याची तलवार आणि आईच्या लुगड्याचा शेला घेऊन. आई ओरडायची ती लुगड्यासाठी.

म्हणून मी निवड करताना पहिलं हे बघते की ही गोष्ट संपते का. आणि दुसरं, संपल्यावर पोर उठून काय करतं. शैक्षणिक की करमणूक हा प्रश्न मी फार नंतर विचारते, कधी कधी विचारतच नाही.

कारण त्या शैक्षणिक शब्दाला आता काही अर्थ राहिलेला नाही गं, कुणीही लावतं. यूट्यूबवर 'मेड फॉर किड्स' असं लिहिलेलं असतं ना, आपल्याला वाटतं कुणी तरी तपासून शिक्का मारलाय. तसं नाही ते. २०१९ मध्ये अमेरिकेत मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल गूगल-यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले, आणि मग २०२० पासून व्हिडिओ टाकणाऱ्यानंच सांगायचं की हा मुलांसाठी आहे की नाही. तसं सांगितलं की त्यावर मुलाची माहिती वापरून जाहिराती दाखवत नाहीत, कमेंट्स बंद होतात, एवढंच. व्हिडिओ चांगला आहे, खरं सांगतो, मुलाच्या वयाला पेलतो, यातलं काहीच त्या लेबलात नाही.

आणि त्या 'जगातला सगळ्यात मोठा' वाल्या व्हिडिओंबद्दल मी जरा वाकडं बोलणार आहे, तुझ्या नवऱ्यानं वाचलं तर माफ करावं. हे ज्ञान नाही, हे चणे-फुटाणे आहेत. तोंड चालू राहतं, पोट भरत नाही. शाळेत माझ्याकडे शेवटच्या वर्षांत अशी पोरं यायला लागली होती की मोठमोठ्या देशांच्या राजधान्या घडाघडा म्हणायची, गुरूला चंद्र किती ते सांगायची, आणि मी विचारलं की बाबा आपल्या शाळेच्या कुठल्या बाजूला सूर्य उगवतो तर सगळी वर्गाच्या छपराकडे बघायची. त्यातलं एक पोर म्हणालं, "टीचर, ते व्हिडिओत नव्हतं." खोटं नाही सांगत.

एकदा घरी करून बघ. पोरानं कुठलाही व्हिडिओ बघितला की जेवताना सहज विचार, काय होतं त्यात, मला समजावून सांग. परीक्षा घेतल्यासारखं नाही, खरंच माहीत नसल्यासारखं. तीन वाक्यं सरळ सांगता आली, त्यात एखादं 'म्हणून' किंवा 'कारण' आलं, तर तो व्हिडिओ ठेवायचा. नुसते आकडे आणि "खूप म्हणजे खूऽप मोठा" आलं तर तो चणे-फुटाण्यातला. चणे-फुटाणे कधीतरी खायचेच, आम्हीही खातो, पण जेवण म्हणून नको.

आता चांगलं म्हणजे कसं ते सांगते, कारण हे मी घरी करून बसलेय.

माझा नातू मडगावला असतो, चौथीत. मे महिन्यात पंधरा दिवस आमच्याकडे फोंड्याला असतो. गेल्या सुटीत तोही तुझ्या लेकासारखाच, सकाळी तोंड धुवायच्या आधी फोन. मी त्याला अरविंद गुप्तांचा एक व्हिडिओ लावून दिला. तुला माहीत असतील, आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात बरीच वर्षं होते, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. कचऱ्यातनं खेळणी करतात. व्हिडिओ असतात मिनिट-दोन मिनिटांचे, बस, संपले. हा होता बॅटरीवर फिरणाऱ्या मोटरचा. टॉर्चमधला मोठा सेल, सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी, दोन सेफ्टी पिना, एक लोहचुंबक आणि सव्वा मीटरभर तांब्याची वायर, ती लाखेसारखं कोटिंग असलेली.

व्हिडिओ दोन मिनिटांत संपला. सोप्यावर आमचं काम दीड तास चाललं.

पहिल्यांदा फिरलीच नाही. वायरचे दहा वेढे सेलभोवतीच गुंडाळून त्याची रिंग केली, दोन टोकं दोन बाजूंना सरळ काढली, सेलच्या दोन्ही अंगांना पिना रबरानं बसवल्या, वर चुंबक चिकटवलं, पिनांच्या भोकात रिंग टांगली, आणि ती तशीच लोंबकळत राहिली. नातवानं दोनदा टिचकी मारली, तरी नाही. "आजी, खोटं आहे हे," म्हणून फोन बाजूला टाकला. मी म्हटलं परत बघ, काय राहिलं. परत बघितलं तेव्हा कळलं, वायरवरचं कोटिंग खरवडायचं राहिलं होतं, वीज आत जाणार कशी! मग ब्लेडनं (ते मी केलं) एक टोक सगळीकडून खरवडलं, आणि दुसरं टोक फक्त अर्ध्या बाजूनं. हे अर्ध्या बाजूचं महत्त्वाचं. त्यानंच विचारलं अर्धंच का, मला धड सांगता येईना, मग त्याच्या बापानं फोनवर सांगितलं की अर्धा फेरा वीज चालू, अर्धा फेरा बंद, असं नाही केलं तर रिंग एकदा ओढली जाऊन तिथेच अडकून बसेल. टिचकी मारली आणि सुटली की ती! भिरभिर भिरभिर. पोरगा सोप्यावरनं उतरून शेजारच्यांना बोलवायला पळाला. फोन कुठे होता? चुलीजवळच्या बाकड्यावर, संध्याकाळपर्यंत कुणाला आठवलाही नाही. (सेल तापतो, फिरत नसेल तर जोडून ठेवू नका, ते सांगायचं राहिलं.)

तर हे एक. त्यांच्या साइटवर असले शेकड्यांनी प्रकार आहेत, फुकट, आणि मराठी पुस्तकंही ढिगानं आहेत वाचायला.

तुझ्या तिसरीतल्यासाठी अजून दोन-तीन गोष्टी. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर म्हणून आहे, २०१५ पासून, गोष्टीची चित्रांची पुस्तकं, मराठीतही आहेत, कोंकणीतही, चार पातळ्यांत लावलेली, फुकट वाचा, डाउनलोड करा, प्रिंट काढा. गोष्ट दहा-पंधरा पानांत संपते, शेवटचं पान येतं, हेच मला आवडतं. दुसरं गूगलचं रीड अलाँग, त्यात पोर मोठ्यानं वाचतं आणि ॲप ऐकतं, अडलं तर शब्द म्हणून दाखवतं, मराठी आहे, एकदा पुस्तकं उतरवून घेतली की नेट लागत नाही. मराठी शाळेतल्या ज्या पोरांचं वाचन अडखळतं आणि ज्यांना वर्गात मोठ्यानं वाचायची लाज वाटते त्यांना हे फार बरं, फोन हसत नाही ना कुणाला. एक मात्र, आजीला शेजारी बसवायचं. आजीला गोष्ट ऐकायची आहे म्हणून वाचतोय, असं झालं पाहिजे. दुपारी नाही तरी त्या पडलेल्याच असतात.

तिसरं पक्ष्यांचं, मर्लिन नावाचं ॲप, अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या पक्षी अभ्यासकांचं. आपल्या भागाचा पॅक उतरवून घ्यायचा आणि अंगणात उभं राहून आवाज ऐकवायचा, ते सुचवतं की हा अमुक पक्षी असेल. तुमच्या साखळीकडे काय कमी आहे का, कुळागरं आहेत, वाळवंटी नदी आहे. आमच्या मागच्या फणसावर रोज घुमणारा तो 'हूप हूप' मी चाळीस वर्षं ऐकतेय, नातवानं फोन धरला तर भारद्वाज. मला माहीतच होता, पण त्यानं शोधून काढला ना, त्याची मजा वेगळी. आता तो हळदुवो शोधतोय, आपल्या गोव्याचा राज्यपक्षी, पिवळा धम्मक, गळा लाल. अजून दिसलेला नाही. आणि गंमत बघ, या ॲपमध्ये स्क्रीन बघायचीच नसते फारशी, वर बघायचं असतं.

चवथीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधता ना? त्या वेळी फोन लेकाच्या हातात दे आणि सांग प्रत्येक वस्तूचा फोटो काढ आणि नाव आजीला विचारून आजीच्या आवाजात रेकॉर्ड कर. आंबाडे, तोरिंजन, कवंडळ, सुपारीचा कातरो, आणि रानातनं आणलेली ती फळं ज्यांची नावं मलाही अर्धीच येतात. पोरगा ज्या आजीला ढकलतो तिच्याकडे त्याच्या फोनमध्ये नसलेलं काय काय आहे ते त्याला कळूदे.

आता पैशाचं. ते लर्निंग ॲप, जे कुणी उघडत नाही. मला हसू आलं वाचून, कारण मीही फसलेय, नाव घेत नाही. सात दिवस फुकट म्हणाले, नातवासाठी घेतलं, तीन दिवसांत त्याला कंटाळा आला, मी ॲप काढून टाकलं, आणि महिन्याभरानं पासबुकात बघते तर पैसे गेलेले, पुढच्या महिन्यात परत. ॲप फोनमधनं काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही गं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तुला सांगते. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबायचं, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन रद्द करायचं, आणि यूपीआयवरनं दिलं असेल तर तिथे ऑटोपे म्हणून असतं तेही बघायचं. प्ले स्टोअरच्याच सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती चालू करून टाक. बाकी ॲप पैसे देऊन घेतलं म्हणून चांगलं असं नसतं, वर सांगितलेलं सगळं फुकट आहे. मी तर म्हणते, ज्या ॲपमध्ये तारे, नाणी, "आज नाही आलास तर तुझी साखळी तुटेल" असलं काही आहे ते मुलाला शिकवत नाहीये, सवय लावतंय.

यूट्यूब पूर्ण बंद कर असं मी सांगणार नाही, कारण तू करणार नाहीस, आणि वर सांगितलेले व्हिडिओही तिथेच आहेत. पण त्याला शेपूट काप. ऑटोप्ले बंद. वॉच हिस्ट्री सेटिंगमध्ये जाऊन पुसून टाकायची आणि पॉज करायची, मग उघडल्यावर पहिलं पान रिकामं येतं, २०२३ पासून तसं केलंय त्यांनी, काय बघायचं ते शोधावं लागतं. हे मोठ्यांनीही करून बघावं, माझा स्वतःचा दिवसाचा एक तास वाचला, रेसिप्यांत जात होता. तिसरीतल्यासाठी यूट्यूब किड्स टाकायचं असेल तर नुसतं टाकून उपयोग नाही, त्यात आपण निवडलेलेच चॅनल दिसतील अशी एक सोय असते, ती लावायची, शोध आपोआप बंद होतो, टायमरही आहे. त्याच्यासोबत बसून पाच चॅनल निवडा, पाचच, महिन्यानं एक काढा, एक घाला. भांडेल, भांडूदे, निवडायला शिकतोय.

आणि अजून सोपं, फोनऐवजी टीव्ही. हॉलमधला टीव्ही सगळ्यांना दिसतो, आजी पण बघते, त्यावर काय चाललंय ते स्वयंपाकघरातनं कानावर पडतं. पांघरुणातल्या फोनमध्ये यातलं काहीच नाही.

लेकीचं वेगळं आहे, तिला यात घालू नको, सातवीतल्या पोरीला धाकट्या भावाचे नियम लावले की ती तुझ्याशी बोलणं बंद करेल. स्क्रीन बदलते म्हणजे काहीतरी भयंकर बघतेय असंच नसतं, बाराव्या वर्षी मी आईपासनं साधी कादंबरी लपवून वाचायची. पण रील्स असतील ही शक्यता धरून चल. इन्स्टाग्रामवर त्यांच्याच नियमानं तेरा वर्षं पूर्ण लागतात, तिला अजून झालेली नाहीत, तेव्हा खोटी जन्मतारीख टाकून अकाउंट असेल तर ते बंद, यात चर्चा नाही, पण फोन हिसकावून शोधाशोध करू नको. तिला सरळ विचार, बसमध्ये विचार, बाजूला बसलेलं असताना मुली बोलतात, समोरासमोर नाही बोलत.

इंग्लिशसाठी बघते म्हणते ना? मग तिचा शब्द धर. काय बघायचं ते तिचं, अट एकच, खाली इंग्लिश सबटायटल्स चालू पाहिजेत. हसू नको, हे आपल्याच देशातलं काम आहे, अहमदाबादच्या आयआयएममध्ये असताना ब्रिज कोठारींनी सुरू केलेलं, ते १९९६ पासून हेच सांगतायत की ज्या भाषेत ऐकतो त्याच भाषेत खाली अक्षरं दिसली की वाचन आपोआप सुधारतं, त्यांनी टीव्हीवरच्या सिनेमाच्या गाण्यांवर हे करून दाखवलं. चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीत एकदम इंग्लिशमध्ये पडलेली आपली गोव्याची पोरं, त्यांना कानाला कळतं पण डोळ्याला शब्द ओळखीचा नसतो, मी कितीतरी बघितलीत. सिनेमा असेल तर अजून बरं, दोन तासांत संपतो. वयाचा शिक्का बघायचा, आता यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असे वेगवेगळे असतात, थिएटरलाही आणि घरच्या ओटीटीवरही. तेरावालं असेल तर तू सोबत बस. शनिवारी रात्री एक, चौघांनी मिळून, पाळीपाळीनं निवडायचा. तुझ्या नवऱ्याची पाळी आली की तो काय निवडतो ते मला कळव.

तिला हातानं करायला काहीतरी हवं असेल तर स्क्रॅच आहे, अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांचं, २००७ पासून, रंगीत ठोकळे जोडून स्वतःचा गेम नाहीतर गोष्ट बनवायची, शाळेत कोडिंगचा तास असेल तर तिला माहीतही असेल. सायन्ससाठी फेट म्हणून कोलोराडो विद्यापीठाचं आहे, त्यात वायरी, बल्ब, बॅटरी स्क्रीनवर जोडून बघता येतात, चुकलं तर काही जळत नाही, मराठीतही बरंच आहे. आणि स्टेलॅरियम, आकाशाचा नकाशा. पावसात काही उपयोग नाही, जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाशच नसतं, पण डिसेंबरात जेवणं झाली की दोघांना घेऊन गच्चीवर जा, पूर्वेला मृगाचे तीन तारे सरळ रेघेत, ती रेघ खाली ओढत नेली की व्याध, सगळ्यात तेजस्वी. पहिल्यांदा फोनमध्ये बघायचं, मग फोन खिशात.

किती वेळ, हे तू विचारलंयस आणि मी टाळतेय असं वाटत असेल. आकडा आहे. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सनं, २०२१ मध्ये सांगितलंय, दोन वर्षांखालच्यांना अजिबात नाही, दोन ते पाचला एका तासावर नाही, पाच ते दहाला दोन तासांच्या आत, आणि तेही झोप, खेळ, अभ्यास, घरच्यांशी बोलणं यांच्यातनं चोरून नाही. दहाच्या वर आकड्यापेक्षा हा तोलच बघायचा म्हणतात. म्हणजे तुझ्या लेकाला दोन तासांच्या आत.

पण खरी अडचण दोन तासांची नाही, दीड ते साडेसहाची आहे. आपल्या गोव्यातल्या बहुतेक शाळा दीडला सुटतात, नोकरीवाली आई साडेसहा-सातला येते, मधले पाच-साडेपाच तास कुणाचे? सासूबाई या वयात पोलीस होणार नाहीत, त्यांना ते काम देऊही नको, त्यांच्या अंगावर आलं ते तेच काम दिलं म्हणून आलं. फोन कपाटात ठेवायचा नि कुलूप घालायचं असलं तर ते तू सकाळी जाताना कर, म्हणजे भांडण तुझ्याशी, आजीशी नाही. दुपारी जेवण, थोडं लवंडणं, मग चारला एक तास टीव्हीवर, काय लावायचं ते आदल्या रात्री तिघांनी ठरवलेलं आणि डाउनलोड केलेलं (तुमच्याकडे पावसात नेट जातंच). यादीतलं संपलं की संपलं. "पाच वाजले, बंद कर" म्हणायचं नाही, "तो दुसरा संपला की बंद" म्हणायचं, यात किती फरक पडतो ते आठवड्यात कळेल. मग पाचला बाहेर. पाऊस असेल तर गोष्टी ऐकायच्या, स्क्रीन काळी ठेवून नुसता आवाज, मराठीत ऐकायच्या गोष्टी आता भरपूर मिळतात, आणि सोबत हातानं काहीतरी, वाल सोलायला दे म्हणावं आजीला.

पहिले चार-पाच दिवस वाईट जातील, आधीच सांगून ठेवते. कंटाळा आला, कंटाळा आला म्हणून तुझा जीव खाईल. येऊदे कंटाळा. माझा नातू तिसऱ्या दिवशी कंटाळून शेवटी माझी पितळी भांडी चिंचेनं घासत बसला होता.

नोकरीला पणजीला जातेसच, तशी महिन्यातनं एकदा शनिवारी दोघांनाही घेऊन जा. पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत लहान मुलांचा वेगळा विभाग आहे, १८३२ पासूनची लायब्ररी आहे ती, देशातल्या अगदी जुन्या सार्वजनिक लायब्रऱ्यांपैकी एक, आपण गोवेकर तिच्यासमोरनं बस पकडायला धावतो आणि आत जात नाही. जमलं तर मिरामारचं सायन्स सेंटर. व्हिडिओत बघितलेलं तिथे हात लावून फिरवता येतं.

आणि हो, पहिल्या रविवारी ती मोटरच करा, त्यानं सुरुवात बरी होते. चुंबक विकत घेऊ नको, जुन्या बिघडलेल्या स्पीकरच्या पाठीमागे असतं, उचकटून काढावं लागतं, नवऱ्याला लाव त्या कामाला. वायर मात्र साधी प्लास्टिकची चालत नाही, मोटर रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात जाऊन माग, पोराला सोबत ने आणि त्यालाच मागूदे. एवढ्याशा वायरीचे पैसे आमच्याकडे तरी कुणी घेतले नाहीत.